नंबर लागणार नाही, लिहून घ्या

नागपूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात जिन्याखाली एक खोली होती. तिच्यात क्रिकेटचे पॅड, पाय मोडलेला कॅरमबोर्ड आणि गणपतीचं मखर ठेवलेलं असे. एका उन्हाळ्यात मखर माळ्यावर गेलं, दारावर ‘प्रवेश मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी लागली आणि आत मला बसवण्यात आलं. प्राचार्य म्हणाले, "तुमचं गणित पक्कं आहे. बारावीच्या मुलांना कॉलेज निवडायला तुमच्याशिवाय कोण मदत करणार?" मी फुगलो. घरी येऊन बायकोला, सुनंदाला, दोनदा सांगितलं. दिवाळीपर्यंत कुणीतरी खरं काय ते फोडलंच. हे काम स्टाफरूममध्ये एकेकाला विचारून झालं होतं, सगळ्यांनी हात वर केले होते, आणि मी तेवढा त्या दिवशी एका लग्नाला चंद्रपूरला गेलो होतो.

तरी निवृत्त होईपर्यंत ती खोली मी सोडली नाही. वर्गात मी गणित शिकवायला लागलो की मुलं जांभया देत. इथे तीच मुलं, आणि सोबत त्यांचे आईबाप, माझ्या तोंडाकडे असे पाहत की जणू मी आता पावसाचा अंदाज सांगणार आहे. खरं सांगायचं तर माझे अंदाज साधारण त्याच दर्जाचे असत.

ज्यांच्या घरात सध्या बारावीचं कुणी नाही, त्या भाग्यवंतांसाठी हे काम काय असतं ते सांगतो. बारावी झाली, प्रवेश परीक्षेचे गुण आले, की इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाने कॉम्प्युटरवर कॉलेजांची यादी भरायची. सगळ्यात आवडतं ते वर, मग दुसरं, मग तिसरं. यादी पूर्ण झाली की ‘लॉक’ करायची, त्यानंतर बदल नाही. मग यंत्र वरून खाली येतं. पहिल्या कॉलेजात गुण पुरले तर तिथेच थांबतं, नाही तर दुसऱ्याचं दार वाजवतं. जागा मिळाली की आम्ही म्हणतो, ‘नंबर लागला’. यात एक मेख आमच्या वेळी होती. यादीत सगळ्यात वर लिहिलेलं कॉलेजच जर पहिल्या फेरीत मिळालं, तर ते घ्यावंच लागे. नको म्हटलं की फेऱ्यांमधून नाव बाद. मग शेवटी उरल्यासुरल्या जागांसाठी उन्हातान्हात कॉलेजं फिरायची.

एवढंच. पण यादी एका मुलाची असते आणि ती लिहायला अख्खं घर येतं, तिथून माझी नोकरी सुरू होई.

गांधीबागेतले एक कापडाचे ठोक व्यापारी मुलाला घेऊन आले होते. मी एका कॉलेजची माहिती दिली. ते म्हणाले, "और दाखवा." दुसरं दाखवलं. "और?" मी बोलून बोलून थकलो, मुलगा खुर्चीतच डुलक्या घ्यायला लागला. शेवटी नागपूर जिल्ह्यातली कॉलेजं संपली तेव्हा सेठ म्हणाले, "वो पहलेवाला सांगितला न तुम्ही, तोच लिहा."

"मग बाकीची कशाला दाखवायला लावली?" मी जरा चिडूनच विचारलं.

"अहो सर, चार थान उलगडल्याशिवाय माल घेतला तर घरी बायका बोलतात."

महाल भागातले तीन मित्र आले ते तर यादी करूनच आले. तिघांची यादी सारखी आणि क्रम असा की मला काही केल्या तर्क लागेना. खोदून विचारलं तेव्हा कळलं, कॉलेजच्या फाटकासमोर तर्री-पोहे कुठे चांगले मिळतात त्यावरून क्रम लावला होता. मी संतापलो. तासभर भाषण दिलं, ज्याचे गुण जसे आणि ज्याची आवड जशी तशा तीन शास्त्रशुद्ध याद्या करून दिल्या. निकाल लागला. एकाला हिंगणा रोडवरचं कॉलेज मिळालं, दुसऱ्याला काटोल रोडवरचं, तिसऱ्याला कामठीकडचं. तिघंही मला भेटायला आले. मला वाटलं पेढे आणले असतील.

"सर, सगळं बराबर झालं," त्यातला एक म्हणाला, "पण गाडी एकच आहे न आमच्याकडे."

माझ्या घरातल्या बारावीचीही गोष्ट सांगून टाकतो, नाही तर सुनंदा सांगेल. माझ्या मुलाने स्वतःची यादी माझ्याकडून भरून घेतली नाही. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन भरली. मी विचारलं तर म्हणाला, "बाबा, तो काही सांगत नाही. आपण सांगतो तेच टाइप करतो." तेव्हा मी दोन दिवस घुश्शात होतो. आता वाटतं, त्या झेरॉक्सवाल्याला माझ्या खोलीत बसवायला हवं होतं. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी मुलांना भीतीपोटी हमखास मिळणारं कॉलेज वर लिहायला लावलं. ते त्यांना मिळालंही. माझा अंदाज बरोबर आला म्हणून मी खूश, आणि पोरं चार वर्षं नको असलेल्या बाकावर. त्यातले काही अजून बर्डीच्या बाजारात भेटले की नमस्कार करतात. मला तो नमस्कार घेताना जरा अवघडल्यासारखंच होतं.

एक युक्ती मात्र माझी स्वतःची होती आणि तिचा मला फार गर्व होता. आईबापांसमोर मूल तोंड उघडत नाही. म्हणून माहिती घेऊन झाली की मी वडिलांना म्हणायचो, "समोरच्या ठेल्यावर चहा फार मस्त मिळतो, पिऊन या." ते गेले की पोराला विचारायचं, "आता सांग, तुला कुठे जायचंय?" चहा संपेपर्यंत खरी यादी बाहेर येई. चहा खरं तर फिका होता, पण त्या ठेल्यावाल्याचा धंदा माझ्यामुळे बराच वाढला.

ही युक्ती चालली नाही ती भिवापूरच्या देवरावजींपुढे. माझ्या नोकरीतला तो शेवटचा प्रवेशाचा मोसम होता. देवरावजी मिरची पिकवणारे, बोलणं कमी, टोपी पांढरीशुभ्र. सोबत मुलगी पल्लवी. गुण चांगले, नजर कोपऱ्यातल्या मोडक्या कॅरमबोर्डावर.

"सर," देवरावजी बसल्या बसल्या म्हणाले, "आपल्याले नागपूरच्या बाहेर नाही जायचं. दिघोरीले माही बहीण राह्यते. तिच्या घरून जाणंयेणं झालं पाह्यजे. बाकी तुम्ही म्हणान ते."

"ठीक. तुम्ही जरा समोर चहा घेऊन या, तोवर मी—"

"मी चहा पेत नाही जी."

"उसाचा रस?"

"नोको. माह्या पोरीचं काम हाये, मी कोठी जाऊ?"

इतक्या वर्षांत माझी युक्ती पहिल्यांदा आपटली. पण त्यांना मिरचीच्या कुणा अडत्याचा फोन आला आणि जिन्याखाली रेंज नसल्यामुळे ते ‘हालो, हालो’ करत बाहेर गेले. दार लोटलं गेलं तसं पल्लवीने कॅरमबोर्डावरची नजर काढली.

"सर, पुण्याच्या त्या मोठ्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स. पह्यल्या नंबरवर टाका."

"पुणं काहून? इथे काय कमी आहे?"

"इथी कमी काहीच नाही, तोच तं तरास हाये." ती हसली नाही. "भिवापुरात मी देवरावची पोरगी. दिघोरीले राह्यली तं आत्याची भाची. कॉलेजच्या वाटंवर जेवढे पानठेले हायेत न सर, तेवढ्यावर आमच्या आत्याले ओळखणारं कोणी ना कोणी बसूनच राह्यते. मले एकडाव अशा जागी राहून पाह्यचं हाये, जिथी लोकं पह्यले माहं नाव इचारतीन."

मी मागच्या वर्षीचे आकडे पाहिले. त्या कॉलेजात त्या शाखेला शेवटचा नंबर जिथे लागला होता, तिथून पल्लवीचे गुण बऱ्यापैकी खाली होते. म्हणजे मिळणं शक्य नाही. आणि तिथेच माझ्या डोक्यात एक झकास कल्पना आली. मिळणारच नाही, तर वर लिहायला काय हरकत? मुलीचं मन राहतं, बापाचं नागपूर राहतं, यंत्र पहिलं दार वाजवून दुसऱ्याकडे जातं. दोघंही खूश. मोठमोठे वाटाघाटी करणारे लोक काय वेगळं करत असतील, असा विचार करत मी खुर्चीत मागे रेललो.

"पण सर," पल्लवी हळूच म्हणाली, "यंदा त्याइनं—"

"यंदा-बिंदा काही नाही," मी हात उडवला. "किती वर्षं झाली हे पाहतो आहे मी."

देवरावजी आत आले तेव्हा मी त्यांना समजावलं. "पुण्याचं एक नाव सगळ्यात वर टाकू. नुसतं शोभेला. नंबर लागणार नाही, लिहून घ्या."

"लागणार नाही तं टाकायचं काहून?"

"पोरीचं मन राहतं."

त्यांनी पोरीकडे पाहिलं. पोरीने कॅरमबोर्डाकडे पाहिलं.

"पक्कं नाही लागत?"

"पक्कं."

"खात्री देता?"

"दिली."

"मंग टाका. हिच्या मायलेबी तसंच सांगतो, सरनं खात्री देल्ली म्हून. ती लय भेते जी. पोरगी दूर जाते म्हटलं तं घास नाही उतरणार तिच्या नरड्याखाली."

यादी लॉक करायला मी पल्लवीला खुर्ची दिली. तिने बटण ज्या चपळाईने दाबलं ते पाहून मला शंका यायला हवी होती. आली नाही. मी तेव्हा स्वतःवर फार खूश होतो.

पहिल्या फेरीचा निकाल लागला त्या सकाळी फोन वाजला.

"सर, देवराव बोलतो भिवापुरून. नंबर लागला."

"अरे वा! अभिनंदन! कोणतं मिळालं?"

"पुण्याचा लागला."

मी घाईघाईने कॉम्प्युटर उघडला. संकेतस्थळावर पहिल्याच पानावर, तांबड्या अक्षरात सूचना होती की त्या कॉलेजने त्या शाखेच्या जागा यंदापासून वाढवल्या आहेत. सूचना नवी नव्हती. मी यादी लॉक करायला लावली त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे होती. मीच ती वाचली नव्हती.

"आता नाही म्हटलं तर?" देवरावजींनी विचारलं.

मी नियम सांगितला. पहिलंच नाव मिळालं आहे, त्यामुळे घेतलं नाही तर पोरगी फेऱ्यांमधून बाहेर. मग शेवटी नागपुरात जिथे कुठे जागा उरेल तिथे.

"तेव्हा हिच्या मार्काच्या लायकीचं कॉलेज भेटीन? खात्री देता?"

"नाही," मी म्हणालो.

पलीकडे कोंबडा आरवला. मग ते म्हणाले, "मी तं कायी बोलत नाही घरात. खात्री तुमची होती. तुम्हीच भिवापूरले या आन तिच्या मायले तुम्हीच सांगा. ती म्हणीन तसं करू."

सुनंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "जा की. छत्री राहू दे, हेल्मेट ने."

भिवापूरच्या बसमध्ये मी भाषणाची तयारी केली. उमरेड येईपर्यंत सुरुवात जमली होती. ‘ताई, मुलगी म्हणजे...’ यापुढे मात्र काही सुचेना. डोळ्यांसमोर एकच चित्र, घास न उतरणारी एक बाई आणि तिच्यासमोर खात्री देणारा मी. कॉलेजची जागा पक्की करायला मोजकेच दिवस उरले होते. त्या बाईने नाही म्हटलं की संपलं. एका हुशार पोरीला मीच पहिल्या नंबरवर चढवलं होतं आणि तिथून तिला थेट उरल्यासुरल्यांच्या रांगेत आणून सोडणाराही मीच ठरणार होतो. चांगलं वाईट जे काही तिचं होणार ते माझ्या एका ‘यंदा-बिंदा’मुळे.

स्टँडवर पल्लवीच घ्यायला आली होती. मी पहिला प्रश्न विचारला, "जागा वाढल्याचं तुला माहीत होतं?"

"मी सांगत होती न सर," ती निरागसपणे म्हणाली, "तुम्हीच मधात बोलले."

घरी देवरावजी ओसरीवर बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः दुसरीकडे पाहत राहिले. रोपं लावायचे दिवस, त्यामुळे पल्लवीची आई, शोभाताई, वावरात होत्या. थोड्या वेळाने आल्या. पातळ खोचलेलं, पायाला चिखल. मी उभा राहून "ताई, मी..." म्हणतोय तोच त्या म्हणाल्या, "आंधी जेवा जी. मंग बोला."

ताटात भाकर, पिठलं आणि गोळाभर ठेचा. भिवापुरी मिरचीबद्दल मी आयुष्यभर ऐकून होतो, पण तिच्या घरी जाऊन कधी जेवलो नव्हतो. अपराधी माणसाने ताटात काही टाकू नये, म्हणून मी ठेचा भाकरीवर चांगला पसरून मोठा घास घेतला. पुढचं मला नीट दिसलं नाही. कान तापले, नाक वाहू लागलं, डोळ्यांतून धारा लागल्या. बोलायची सोय नव्हती. मी नुसता मान हलवत होतो.

देवरावजी पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "पाह्य वं," ते बायकोला दबल्या आवाजात म्हणाले, "सर रडून राह्यले. लय मनावर घेतलं त्यायनं."

मी खुलासा करू शकलो नाही. नंतर आवाज परत आला तेव्हा करावासाही वाटला नाही. पाण्याचा तांब्या संपवून मी सगळं सांगितलं. मागच्या वर्षीचे आकडे, न वाचलेली सूचना, पहिल्या नंबरचा नियम, आणि नाही म्हटलं तर काय होईल ते.

शोभाताई उंबऱ्याला टेकून ऐकत होत्या. "म्हंजे पोरगी पुण्याले जाते."

"तुम्ही हो म्हटलं तर."

"तिथी पोरीइचं होस्टेल हाये?"

"आहे."

"जेवण?"

आता खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. "वाईट असतं, ताई."

"ते तं कोठीबी असते." त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमी काय म्हंता?"

"मी काय म्हणू?" देवरावजी म्हणाले. "तूच भेते. तुह्याच नरड्याखाली घास नाही उतरणार."

"मी कवा म्हटलं तसं? गावभर तुमीच सांगत फिरून राह्यले, माही बायको भेते, माही बायको भेते. मले कोणी इचारलं?"

पल्लवी दाराआड होती, तिची फक्त ओढणी दिसत होती. ती हलायची थांबली.

शोभाताईंनी हात पदराला पुसले. "पोरीनं मले पह्यल्या दिवशीच सांगितलं होतं, आई, पुण्याले जायचं हाये. तुमी घरी येऊन म्हणले, सरनं खात्री देल्ली, लागत नाही. म्हून मी रामटेकले गेली होती."

"तू तं मामाच्या घरी गेली होती न?"

"मामाच्या घरून रामटेकले. गडावर जाऊन देवाले नवस बोलली, का हा जो कोणी सर हाये, त्याचा अंदाज चुकू दे."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. आयुष्यात माझे अनेक अंदाज चुकले, पण ते चुकावेत म्हणून कुणी गड चढून गेलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. आपण काही अगदीच सामान्य माणूस नाही, असं त्या क्षणी वाटून गेलं.

"मले काहून नाही सांगितलं?" देवरावजी म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

"सांगितलं असतं तं तुमीबी जाऊन बसले असते नवस बोलत. उलटा. देवाले काहून अडचणीत टाकायचं?"

देवरावजींनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, झटकली, पुन्हा घातली. माणूस हरला होता की त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, मला सांगता येत नाही. एवढंच म्हणाले, "आन माह्या बहिणीले कोन सांगीन? दिघोरीवाली तं खोली सारवून बसली हाये हिच्यासाठी."

"सर सांगतीन," शोभाताई शांतपणे म्हणाल्या. "त्याइच्या वाटंतच पडते दिघोरी."

मी मान हलवली. त्या दिवशी मी कशालाच नाही म्हणण्याच्या परिस्थितीत नव्हतो. दाराआडून पल्लवी बाहेर आली आणि माझ्या ताटातला उरलेला ठेचा उचलून तिने त्या जागी गुळाचा खडा ठेवला. तिच्या मागे अजून एक पोरगी येऊन उभी राहिली, तशीच उंच, नजर मात्र कॅरमबोर्डावर अडकणाऱ्यातली नाही.

"हे लहानी, तेजू," शोभाताई म्हणाल्या. "येत्या साली बारावीले जाते. हिच्या टायमालेबी तुम्हीच पाह्यजे आम्हाले. हिचा नंबर कोठी लागणार नाही, तेवढं सांगून देजा."

"मी निवृत्त होतो आहे, ताई."

"मंग तं बरंच झालं. टाइम राह्यते."

तेजूने ओसरीवरचं स्टूल ओढलं आणि ती थेट माझ्यासमोर येऊन बसली.

"सर," तिने विचारलं, "दिल्लीचं तं कायी लागत नाही न जी मले?"

मी गूळ गिळून तोंड उघडणार, इतक्यात देवरावजींनी माझा हात धरला.

"सर," ते म्हणाले, "तुम्ही कायी बोलू नोका."